मीटरवरचे दोनशे तीस

"मीटर खोटं बोलत नाही," असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अख्खी नोकरी मीटर वाचण्यात गेली, तरी फिरतं. घरचे म्हणतात, हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो. असेल. पण तो काही मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात, नव्वदच्या दशकातल्या एका पावसाळ्यात तो मला चिकटला, आणि ज्यांच्यामुळे चिकटला त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

माझी आई त्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायची. वडील मी फार लहान असताना गेले. धरमतरच्या जेट्टीवर ते कामाला होते. मालाची बार्ज धक्क्याला लागली की तिचे दोर बांधायचे आणि निघताना सोडायचे. तिथेच अपघात झाला, एवढंच मला ठाऊक होतं. आई त्यापुढे बोलायची नाही. खाडीकाठचं सासर सोडून ती मला घेऊन पेणला आली आणि कारखान्यात मूर्तींना पॉलिश पेपर मारायला लागली. तिचा हात बघून म्हाताऱ्या मालकांनी तिला आधी दागिन्यांच्या सोनेरी रेघा दिल्या, मग सोंडेवरचं गंध, आणि कितीतरी वर्षांनी डोळे. डोळ्यांच्या कामाला आखणी म्हणतात. मूर्ती कितीही सुबक असो, आखणी चुकली की देव झोपलेला तरी दिसतो नाहीतर वैतागलेला. आईच्या हातचा देव तुमच्याकडे बघायचा, आणि काय हवंय ते विचारायचा. बाई आखणीला बसलेली मी तरी पेणमध्ये तेव्हा दुसरी पाहिली नव्हती, आणि विधवा तर नाहीच नाही.

म्हातारे मालक गेले आणि त्यांचा मुलगा गादीवर आला. त्याला सगळे शेट म्हणत. शेटने पहिलं काम काय केलं, तर आईचा पाट बाहेरच्या पडवीतून उचलून आतल्या खोलीत नेला.

"गिऱ्हाइकं मूर्ती ठरवायला येतात, बाई," तो म्हणाला. "तुम्ही समोर बसलेल्या दिसलात तर एखाद्याला नाय चालत. आपण कशाला कुणाच्या मनात किंतू आणायचा?"

म्हणजे तिने आखलेले डोळे चालत होते. ते मुंबईला जात होते, पुण्याला जात होते, लोक त्यांच्यापुढे हात जोडत होते. डोळे आखणारी तेवढी दिसायला नको होती. मी तेव्हाच भांडायला निघाले होते, पण आईने मला दारातच धरलं. "काम तर हाय ना गो," ती म्हणाली. तिचं हे एक वाक्य मला आयुष्यभर पुरलं आहे.

त्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती. पूर्वी तिथे प्लास्टरची पोती ठेवत. बाकीचे आखणीवाले पडवीत उजेडात बसायचे. त्यांना दिवसा दिव्याची गरजच नसायची. आईच्या डोक्यावर मात्र सकाळपासून बल्ब लागायचा. ट्यूबलाइट आखणीला चालत नाही, ती थरथरते आणि रेघही तिच्याबरोबर थरथरते. त्यात त्या कारखान्याचा एक जुना नियम होता. एक डोळा आखला की दुसरा पुरा होईपर्यंत हात थांबवायचा नाही. देवाला एका डोळ्याने जगाकडे बघत ठेवायचं नाही. मधेच काही विघ्न आलं तर दोन्ही डोळे पांढऱ्या रंगाने पुसायचे, मूर्ती भिंतीकडे तोंड करून बाजूला ठेवायची आणि मागाहून नव्याने आखायची. पडवीतले काका, म्हणजे कारखान्यातले सगळ्यात जुने आखणीवाले, दुसऱ्या डोळ्याच्या वेळी शिंकही दाबून धरायचे.

आणि पावसाळ्यात लाईट जायची. रोज जायची. कधी दुपारभर, कधी सकाळपासून. पूर्वी आई गॅसबत्तीवर भागवायची, पण तिची काजळी मूर्तीवर बसायची. म्हणून शेटने एक इन्व्हर्टर आणला. रोह्याच्या पलीकडे, नदीपारच्या अष्टमी गावात एक दुकानदार स्वतःच इन्व्हर्टर बांधून विकायचा. चांगला कारागीर म्हणून त्याचं नाव होतं. ट्रकची बॅटरी, पत्र्याची पेटी, पुढे एक लाल दिवा. शेटने तो आतल्या खोलीला जोडून घेतला, कारण बाकी कुणाला त्याची गरज नव्हती. लाईट गेली की पेटी घूं करायची आणि आईच्या डोक्यावर बल्ब पुन्हा लागायचा. लख्ख लागायचा. आई म्हणाली, "असा उजेड तर मी कवा बघितलाच नाय." मला तेव्हा त्या लख्ख शब्दाचा संशय यायला हवा होता असं कुणी म्हणेल, पण मी दिवसभर कारखान्यात नसायचे. मी नुकताच इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा पुरा करून रोह्याला एका केमिकल कंपनीत ट्रेनी म्हणून लागले होते. सकाळी पॅसेंजर धरायची, नागोठणे, निडी करत रोह्याला उतरायचं, आणि संध्याकाळी उलट.

मग बल्ब जायला लागले. लाईट गेलेली असायची, आई दुसऱ्या डोळ्यावर असायची, आणि फट् होऊन अंधार. बल्ब बदलायचा, थोडे दिवस चालायचा, पुन्हा फट्. आखणीचा मोसम ऐन भरात आणि भिंतीकडे तोंड करून बसलेले गणपती वाढत चाललेले. कुणीतरी काहीतरी बोलणारच होतं. बोललं कोण, तर आईबरोबर पूर्वी मूर्ती घासायला बसणारी एक बाई. जिच्या बाळंतपणात आईने तिचं घर सांभाळलं होतं, तीच.

"देवच नको म्हणतोय," ती चारचौघांत म्हणाली. "बिगरकुंकवाच्या हातनं डोळे नको म्हणतोय तो. नायतर तिच्याच डोक्यावरचा दिवा का जातो गो?"

हे ऐकल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, तिच्याच डोक्यावरचा जातो, कारण तिच्याच डोक्यावर तो आहे! विधवा म्हणून तिला अंधाऱ्या खोलीत बसवलं. अंधाऱ्या खोलीत बसली म्हणून इन्व्हर्टरचा दिवा एकट्या तिच्यावर लावला. तो दिवा फुटला म्हणून ती अपशकुनी, आणि अपशकुनी का, तर विधवा. या घाण्याभोवती सगळा कारखाना डोळे बांधून फिरत होता, आणि मी सोडून कुणाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

शेटला मात्र मी अडाणी म्हणणार नाही, त्याचाच तर मला संताप येतो. तो म्हणाला, उगीच कुणावर आळ नको, आपण तपासू. त्याने अष्टमीच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. तो आपला व्होल्टेज मोजायचा मीटर घेऊन आला, इन्व्हर्टरला लावला: दोनशे तीस. आम्ही त्याला दादा म्हणायचो. दादाने मीटर सगळ्यांना फिरवून दाखवला. "घरात येते त्यापेक्षा चोख आहे," तो म्हणाला. मी माझा मीटर लावला. त्यानेही दोनशे तीसच दाखवलं. मग शेटने दुसरी परीक्षा घेतली. एक दिवस आईला बाहेर बसवून काकांना आतल्या पाटावर बसवलं. त्या दिवशी लाईट जेमतेम घटकाभर गेली. बल्ब गेला नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात, इथे तर कावळा बसलाच नाही म्हणून फांदी मजबूत ठरली.

"बघ," शेट मला म्हणाला. "तू शिकलेली हायस म्हणून तुला सांगतो. मीटर बरोबर, बल्ब चांगल्या कंपनीचे, काका बसले तर दिवा जात नाय. मग उरलं काय, तूच सांग."

उरली माझी आई. यंत्र लावून, मोजून, पारखून तिला अपशकुनी ठरवलं होतं. नुसती अंधश्रद्धा असती तर मी तिच्याशी भांडले असते. इथे मीटर त्यांच्या बाजूने साक्षीला उभा होता, आणि मीटर वाचायला मीच शिकले होते.

दुसऱ्या दिवसापासून आईला उंदीर दिले. गणपतीच्या पायाशी जो उंदीर असतो त्याचे डोळे. दोन काळे ठिपके, त्यात पांढरा बिंदू; शाळेतलं पोरही करील. तिने तेही मन लावून केले. संध्याकाळी मी घरी आले तेव्हा ती भाकरी थापत होती आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आजपास्नं उंदीर दिलेत." मी ताट सरकवलं. मला शेटपेक्षा त्या क्षणी तिचाच राग आला. बाई, भांडं तरी आपट! "तुला काहीच वाटत नाही?" मी ओरडले.

"वाटून काय करू?" ती म्हणाली. "देवाच्या मनात नसंल."

तिचाही त्यांच्या बोलण्यावर विश्वास बसला आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिला खरंच वाटत होतं की दिवा तिच्यामुळे जातो. आता मला भांडून भागणार नव्हतं. ते खोटं आहे हे नुसतं ओरडून नाही, दाखवून द्यायला हवं होतं, आणि सगळ्यांच्या आधी तिला.

पॅसेंजरमध्ये बसून मी रोज डोकं खाजवायचे. बल्ब जातात म्हणजे त्यांना जास्त व्होल्टेज मिळतंय, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण दोन मीटर दोनशे तीस म्हणतात. मग एकदा नागोठण्याच्या पुढे गाडी सिग्नलला थांबलेली असताना माझ्या डोक्यात आलं की मीटर म्हणतो म्हणजे काय? तो मोजतो काय?

डिप्लोमाला आम्हाला सरांनी एक व्याख्या लिहून दिली होती: आरएमएस, म्हणजे विजेचं खरं कामाचं व्होल्टेज. घरातली वीज सारखी वरखाली होते, एका क्षणी सव्वातीनशे, एका क्षणी शून्य, मग उलट्या दिशेने तसंच. तरी आपण तिला दोनशे तीस म्हणतो, कारण दोनशे तीसची, बॅटरीसारखी एकसारखी वीज जेवढी उष्णता देईल तेवढीच ही देते. काढायची रीत: प्रत्येक क्षणाच्या व्होल्टेजचा वर्ग करा, त्या वर्गांची सरासरी काढा, आणि मग वर्गमूळ. वर्ग कशासाठी? तर व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता चौपट होते, म्हणून. सर हे सांगायचे आणि घोकून घ्यायचे. हे कुणाच्या कधी कामी येईल असं त्यांनाही वाटत नसावं. आणि हे त्यांनी कधीच सांगितलं नाही की आपल्या हातातला साधा मीटर यातलं काहीएक करत नाही! तो वर्ग करत नाही, मूळ काढत नाही. तो दिशा न बघता लाटेची साधी सरासरी घेतो आणि तिला एक पूर्णांक अकरा शतांशाने गुणून मोकळा होतो. घरातल्या विजेची लाट गोलसर असते, तिच्यासाठी हा गुणाकार बरोबर येतो. दुसऱ्या आकाराची लाट आली तरी मीटर तिला गोलसरच समजतो. माणसासारखाच, एकदा डोक्यात एक आकार बसला की बसला.

त्या दिवशी काम सुटल्यावर मी स्टेशनवर न जाता कुंडलिकेचा पूल ओलांडून अष्टमीला गेले. दादा दुकानात एक पेटी उघडून बसला होता.

"दादा, तुमच्या इन्व्हर्टरची लाट कशी निघते?" मी विचारलं.

त्याने खडू घेतला आणि फळकुटावर काढून दाखवलं. एकदम वर, तिथे सपाट, मग एकदम शून्य. मग एकदम खाली, तिथे सपाट, मग पुन्हा शून्य. चौकोनी डबे ठेवावेत तशी. "निम्मा वेळ वरखाली, निम्मा वेळ शून्य," तो म्हणाला. "बॅटरी जास्त टिकते."

"आणि व्होल्टेज कसं बसवता?"

"मीटर लावायचा, स्क्रू फिरवायचा, दोनशे तीस आलं की सोडायचं. आधी वीस वर्षं स्टॅबिलायझर असेच बसवले, एकाची तक्रार नाही."

येणारच नव्हती. स्टॅबिलायझरमध्ये घरचीच गोलसर वीज होती. मी त्याच्या हातातून खडू घेतला आणि त्याच फळकुटावर हिशोब मांडला. मीटरचे दोनशे तीस भागिले एक पूर्णांक अकरा: दोनशे सात. ही लाटेची खरी सरासरी. निम्मा वेळ शून्य आहे, म्हणजे उरलेल्या निम्म्या वेळात याच्या दुप्पट, चारशे पंधराच्या आसपास. आता चारशे पंधराचा वर्ग. तो निम्माच वेळ आहे म्हणून त्याचा निम्मा. आणि वर्गमूळ. मी पुन्हा एकदा करून पाहिलं. दोनशे त्र्याण्णव.

दोनशे तीसच्या बल्बला दोनशे त्र्याण्णव! तो लख्ख लागणार नाही तर काय. बिचारा आठवडाभर तरी कसा जगत होता याचंच नवल.

"ताई," दादा म्हणाला, "मीटर डोळ्यांसमोर दोनशे तीस दाखवतोय, आणि तुम्ही खडूने दोनशे त्र्याण्णव काढताय. मी कुणाचं ऐकू?"

"मीटर खोटं बोलतोय."

"मीटर खोटं बोलत नाही."

मी खडू आपटला, त्याचे तुकडे झाले. मग म्हटलं, मीटरही नको आणि खडूही नको. पाणी तापवून बघू. व्होल्टेज खरं दोनशे तीस असेल तर घरच्या विजेवर आणि इन्व्हर्टरवर पाणी सारख्याच वेळात उकळेल. माझं बरोबर असेल तर इन्व्हर्टरवर फार लवकर उकळेल. तुम्ही या, आणि शेटसमोरच बघा. दादाने खडूचे तुकडे गोळा केले. मग म्हणाला, "येतो. पाणी सांगेल ते मान्य." तो प्रामाणिक माणूस होता. त्या सगळ्या प्रकरणात मला त्याचा राग सगळ्यात कमी आला.

रविवारी तो आला. बाहेर पाऊस कोसळत होता, पण लाईट होती, नवलच म्हणायचं. शेटकडे चहासाठी पाण्यात बुडवायची एक लहान कॉइल होती, तीच घेतली. एकाच ग्लासने मापून पाणी घ्यायचं ठरवलं. सगळा कारखाना पडवीत जमला. आई तिच्या उंदरांपाशी बसून होती. मी तिला हाताला धरून पुढे आणलं, आणि मीटरमध्ये लाटेचा एकच आकार कसा बसवलेला असतो ते समजावलं. मला तिलाच दाखवायचं होतं, बाकीच्यांचं काय.

आधी घरची, म्हणजे खांबावरून येणारी वीज. मीटर म्हणाला दोनशे पंचवीस. शेटने बिडी पेटवली. ती संपली, त्याने दुसरी पेटवली, तेव्हा कुठे पाण्याला खळखळून उकळी फुटली. मग ते पाणी फेकलं, कॉइल गार केली, नवं पाणी घेतलं, आणि कॉइल इन्व्हर्टरला लावली. मीटर म्हणाला दोनशे तीस. म्हणजे फरक नावालाच हवा होता. शेटने तिसरी बिडी पेटवली. ती अर्ध्यावर आली न आली, ग्लासात बुडबुडे धावायला लागले, आणि बिडी संपायच्या आत पाणी उतू गेलं.

दादा लाल झाला. त्याने पेटीचं झाकण काढलं, घरच्या विजेवर एक बल्ब आणि इन्व्हर्टरवर एक बल्ब शेजारी शेजारी लावले, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत स्क्रू उलटा फिरवत राहिला. सारखे झाले तेव्हा मीटरवर एकशे ऐंशी दिसत होतं.

"एकशे ऐंशी?" शेट घाबरून म्हणाला. "कमी नाय पडणार?"

"नाय," दादा म्हणाला. "मीटरकडे बघू नका, शेट." मग स्वतःशीच पुटपुटला, "बाजारपेठेतले दोन टीव्ही माझ्याच पेटीनं खाल्ले असणार."

मी शेटकडे बघत उभी राहिले. आता हा आईकडे वळेल, मी म्हटलं. निदान दोन शब्द बोलेल. त्याने बिडी विझवली.

"बरं झालं, कारण कळलं," तो म्हणाला. "पण बाई, या मोसमात उंदीरच राहू द्या. लोकांत बोलणं झालंय. पुढल्या वर्षी बघू."

मग मात्र माझा तोल गेला. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की मी म्हटलं, "तुमच्या पेटीने खाल्लेले दिवे माझ्या आईच्या कपाळावर फोडलेत, आणि आता पेटी दुरुस्त झाली तरी तिने अंधारातच बसायचं? पेटीचा स्क्रू फिरतो, तुमचा फिरत नाही?" ती पॉलिशवाली बाई मला म्हणाली, "देवापुढं एवढ्या मोठ्यानं बोलू नये गो." मी म्हटलं, "देवाला डोळे कुणी दिले ते आधी विचार त्याला."

माझ्या ओरडण्याने काहीही झालं नाही. झालं ते काकांमुळे. ते आपल्या पाटावरून न उठता म्हणाले, "शेट, भिंतीकडे तोंड करून बसलेत त्यांचा काय विचार हाय? माझ्याच्यानं एवढे होणार नायत. माझी नजर पयलीसारखी नाय. बाईंना बसवा, नायतर चतुर्थीला उघड्या डोळ्यांचे उंदीर आणि आंधळे गणपती द्या लोकांना."

शेटने हिशोब केला. माझा नाही, त्याचा. "बरं, उद्यापास्नं बसा," तो आईला म्हणाला, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून निघून गेला. ना 'चूक झाली' म्हणाला, ना 'वाईट वाटलं'. गणित मी बरोबर सोडवलं आणि उत्तर त्यांना गरज पडली म्हणून मिळालं. मी एवढी तणतणत होते, आणि आई? आईने नुसतं "व्हय" म्हटलं, उंदरांचे ब्रश धुतले आणि छत्री उघडली.

घरी जाताना वाटेत मी बडबडतच होते. शेट असा आणि ती बाई तशी, आणि तू अशी कशी, तुला साधा राग कसा येत नाही. आई ऐकत चालली होती. बाजारपेठ मागे पडल्यावर ती म्हणाली, "त्या मीटरात एकच आकार बसवलेला हाय, बोललीस ना?"

"हो."

"म्हंजे खरा काय झाला, ते तो बघतच नाय."

"नाही बघत."

तिने छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "एक इचारू? हसू नको."

मी थांबले.

"तुझे बाबा गेले ना, त्या दिसी ते डबा इसरले. उंबऱ्याबाहेर पडले होते, तरी मी त्यांना मागून हाक मारली. फिरून आले, डबा घेतला नि गेले. दुपारला माणूस आला सांगायला. सासू तवा तिथंच बोलली, घराबाहेर पडलेल्याला मागून हाक मारलीस, तूच खाल्लास माझा पोर." ती छत्रीच्या दांड्याकडे बघत होती. "कुनाला सांगितला नाय मी. तुला पन नाय. आज ता पानी उकळताना बघितला नि वाटला... तेचा पन असा कायतरी हिशोब निघंल काय गो?"

वीस वर्षं ती हे घेऊन चालत होती. दिवा गेला तेव्हा तिने लगेच मान्य केलं, कारण तिच्या लेखी हे दुसऱ्यांदा घडत होतं. मला कुणावर ओरडावं हे कळत नव्हतं. आजी तर कधीच गेली होती.

"झालं काय होतं?" मी विचारलं. "जेट्टीवर. नक्की काय झालं?"

"दोर तुटला. बार्ज बांधत होते, दोर तुटून अंगावर आला."

"दोर जुना होता?"

"कुजलेला," ती लगेच म्हणाली. "रोज येऊन सांगायचे. पाण्यानं सडलाय, हाताला तंतू येतात, दुसरा द्या, दुसरा द्या म्हणून मुकादमाला किती येळा..."

ती बोलता बोलता थांबली. तोंड अर्धवट उघडं, छत्री एका बाजूला कललेली, पदर भिजायला लागला होता. मांडायचं ते सगळं तिनेच मांडलं होतं.

"हाकेनं नाय," ती म्हणाली. मग तिने छत्री मिटली आणि भर पावसात रस्त्यावर आपटली, अशी की दोन माणसं वळून बघायला लागली.

"मेल्यांनी दोर नाय बदलला गो!"